रुमालाखालचं बोलणं

मनकर्णाबाई चरकी ऐकायची ती दातांनी.

यात हसण्यासारखं काही नाही. अकोटात त्या वेळी हसणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या चरक्या करकरत होत्या आणि मनकर्णाबाईची चरकी लोण्यासारखी फिरत होती. दोन लाटींच्या, म्हणजे आडव्या रुळांच्या, फटीत कापूस सरकवायचा, दांडा फिरवायचा, रुई पुढे यायची, सरकी मागे गळायची. काम साधं, पण लाट कोरडी पडली की रुई तुटते, आणि लाट कोरडी पडल्याचं आधी कळतं ते आवाजावरून. मनकर्णाबाईला आवाज यायचा नाही. म्हणून ती कडुनिंबाची एक गुळगुळीत काडी दातांत धरायची आणि तिचं दुसरं टोक चरकीच्या खांबाला टेकवायची. लाट कुरकुरली की तिला कुणाच्याही आधी समजायचं.

याचं कारण सांगते, म्हणजे चमत्कार वगैरे वाटायला नको. डोक्याच्या बाजूला दिसतो तो कान म्हणजे नुसतं दार. आत बोळ, बोळाच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा, पडद्यामागे तिळातांदळाएवढी तीन हाडं एकमेकांना टेकलेली, आणि त्यांच्याही मागे कवटीच्या हाडात बसवलेला, पाण्यानं भरलेला इवलासा शंख. आवाज पडद्यावर आपटतो, हाडं हलतात, शंखातलं पाणी डुचमळतं, तेव्हा आपल्याला ऐकू येतं. मनकर्णेचा पडदा लहानपणीच सडला होता, हाडंही कामातून गेली होती, पण शंख शाबूत होता. काडीतून दातांत, दातांतून कवटीत, असा आवाज मागच्या दारानं शंखापर्यंत पोचायचा. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. काडी धरली की ऐकू येतं एवढं ठाऊक होतं.

कान गेले ते गोवराच्या तापात. ताप उतरला आणि दोन्ही कान वाहायला लागले. मग आळीतली प्रत्येक बाई काहीतरी घेऊन आली. कुणी लसणाचं कढत तेल ओतलं, कुणी कोमट गोमूत्र, कुणी मुळ्याच्या पाल्याचा रस. ओतणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. ओतणाऱ्यांचा हेतू नेहमी चांगलाच असतो. पोर कळवळून रडायची आणि बाया म्हणायच्या, "रोग निंगून राहिला व माय!" निघत होता तो पडदा.

शेवटी बाप चिडला. सूर्यभानजी अकोटच्या कापूस बाजारात दलाल होते. त्यांनी बायांना दारातून परत पाठवलं आणि रुईची वळलेली वात कानाच्या तोंडाशी धरून पाणी टिपायला सुरुवात केली. वात ओली झाली की फेकायची, नवी घ्यायची. आत काडी नाही, तेल नाही, आंघोळीला कानात बोळा. कान कोरडे झाले, घाण थांबली. ऐकणं काही परत आलं नाही.

मग त्यांनी पोरीला बोलायला शिकवलं, म्हणजे त्यांना येत होतं तसं. बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोन दलाल समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि खाली एकमेकांची बोटं धरत. जितकी बोटं, तितका भाव. पंजा आवळला की पटलं, हात झटकला की मोडलं. भोवती गर्दी जमली तरी कुणाला काही कळत नसे. याला हत्ता म्हणत. उजेडात मनकर्णा बापाच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. दिवेलागण झाली, ओठ दिसेनासे झाले, की बाप तिचा हात हातात घ्यायचा. पंजा आवळला की होय, झटकला की नाही, आणि बोटं धरून इतर गोष्टी. बापलेकीचा रुमालाशिवायचा बाजार.

अशा पोरीला कोण करतो? नत्थुजींनी केली, आपल्या धाकट्या भावाला, खुशालरावाला. नत्थुजी सूर्यभानजींचे बाजारातले जोडीदार. घरात कुरकुर झाली तेव्हा ते म्हणाले, "आपल्या घरात ऐकनारे लय हायेत. पाहनारं एखादं असू द्या."

एवढं करून त्यांनी त्या पोरीचं तोंड कधी पाहिलं नाही, कारण ते तिचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे धाकट्याच्या बायकोनं हनुवटीपर्यंत पदर ओढायचा, बोलायचं नाही, सावलीही पडू द्यायची नाही, असा तिथला कायदा. मनकर्णाबाईनं तो पाळला. फक्त पदर पातळ लुगड्याचा घ्यायची. तिला ओठ दिसले पाहिजेत ना!

आणि नत्थुजींचे ओठ पाहण्यासारखेच होते. समुद्रापार कुठे लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि अमरावतीपासून बाळापूरपर्यंत काळ्या मातीला सोन्याचं मोल आलं होतं. बाजारात गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत नत्थुजींचा आवाज सगळ्यांत मोठा. तोंडानं ते सगळ्या जगाशी भांडत आणि त्याच वेळी रुमालाखाली बोटांनी गुपचूप सौदा पटवत. लोक म्हणत, या माणसाला तोंड एकाचं आणि हात दुसऱ्याचा.

पौषात एका सकाळी अमरावतीच्या व्यापाऱ्याशी हत्ता चालू असताना त्यांची जीभ जड झाली. डावा खांदा गळाला, तोंड वाकडं झालं आणि ते कापसाच्या ढिगावर कलंडले. सहदेवनं, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दलालानं, गाडीत घालून घरी आणलं. लकवा.

ओसरीवर बाज टाकली. नत्थुजी बोलायचा प्रयत्न करत, पण बाहेर पडे ते नुसतं लाळेत भिजलेलं "आं... आं". माणसं कान देऊन ऐकत, एकमेकांकडे पाहत आणि मान हलवत. डोकं गेलं, असा निकाल झाला.

मग ओतणं सुरू झालं.

आजाऱ्याला पातळ द्यावं, हे सगळ्यांना माहीत. पातळ पेज, पातळ दूध, पातळ ताक. आणि भेटीला आलेल्या प्रत्येकानं तुळशीचं पान घातलेलं पाणी पळीभर तोंडात घालायचं, नाहीतर माया ती कसली! नत्थुजींची बायको गोदाबाई उशाशी बसून डोळे पुसत पाजायची. माणूस उताणा. पाणी घशात पडलं की ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे, चेहरा निळा पडायचा. ठसका थांबला की पुन्हा पळी. मग ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली. पुढे नत्थुजींनी दातच आवळून धरले.

"अन्नपानी सोडलं," पार्बताबाई म्हणाल्या. या दोघा भावांच्या आत्या, घरातलं शेवटचं न्यायालय. "जीव आवरून राहिला मानूस."

मनकर्णाबाई माजघराच्या दारात, पदराआडून हे सगळं बघत होती. तिला घशाचा कंठमणी दिसत होता. घास गिळताना तो झटकन वर उचलला जातो, तेव्हा श्वासाच्या नळीवर झाकण पडतं आणि घास मागच्या वाटेनं पोटात उतरतो. तिला झाकण आणि नळी माहीत नव्हती, पण बहिरं माणूस समोरच्याचा गळा आयुष्यभर बघत असतं. ती बघत होती, पाणी आधी खाली जातंय आणि कंठमणी मागाहून उचलतोय. पाणी धावतं, गळा दमतो.

आणखी एक तिनं पाहिलं. इतरांना ऐकू येत होतं म्हणून ते फसले होते. कानांवर "आं, आं" आदळत होतं आणि त्या आवाजापुढे कुणी ओठांकडे बघतच नव्हतं. तिला तो आवाज नव्हताच. तिला दिसत होती तोंडाची उजवी, जिवंत बाजू. ती बाजू पुन्हा पुन्हा एकच आकार घेत होती: पानी नको. पानी नको.

तिनं खुशालरावाला परसात गाठलं. तो बैलांना वैरण टाकत होता.

"बैलाले नाळीनं तेल पाजता, तवा मान किती वर करता जी?" ती हळू बोलायची. तिचा आवाज तिला कवटीतून मोठा ऐकू यायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाकावं लागे.

"बेतानं," खुशालराव तिच्याकडे तोंड करून म्हणाला. "जास्त वर केली त तेल छातीत जाते. बैल मरते."

"मंग थोरल्याइले उतानं काहून पाजून राहिले तुमी?"

"मानूस बैल हाय का?"

"नाई ना. बैल असते त तुमी निगा केली असती."

खुशालरावानं हातातली पेंढी खाली ठेवली. "मी त सांगतो," तो म्हणाला, "पन आत्या आयकन का?"

आत्यानं ऐकलं नाहीच. मनकर्णाबाई गोदाबाईपाशी गेली, तर गोदाबाई फाटकन म्हणाली, "मी माया हातानं त्याइले मारून राहिली का व? तुले काई आयकू येत नाई, तुले काय समजते!" आणि तोंड फिरवून रडायला लागली. तोंड फिरवलं, त्यामुळे पुढचं मनकर्णाबाईला दिसलं नाही. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाईंनी ओसरीचा कोपरा सारवायला लावला. माणसाला भुईवर घ्यायचं, मुखात गंगेचं पाणी घालायचं, प्रत्येकानं घालायचं. भाऊबंद जमले, सहदेवही आला. सारवण वाळण्याची वाट बघायची, एवढंच उरलं होतं. त्या छातीत आणखी सगळ्यांचं पाणी गेलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला वैद्य नको.

मनकर्णाबाई माजघरातून बाहेर आली. सरळ बाजेशी जाऊन बसली आणि पदर मागे सारला.

आयुष्यात पहिल्यांदा नत्थुजींनी तिचं तोंड पाहिलं. पार्बताबाई उभ्या राहून काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनकर्णाबाईची त्यांच्याकडे पाठ होती, तिला एक अक्षर पोचलं नाही. बहिरेपणाचे फायदे थोडे असतात, पण असतात.

"सहदेव भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा रुमाल टाका याइच्या हातावर."

सहदेव गोंधळला, पण खांद्यावरचा तांबडा रुमाल काढून त्यानं नत्थुजींच्या उजव्या हातावर टाकला. मनकर्णाबाईनं आपला हात त्या रुमालाखाली घातला.

"पानी पाहिजे?" तिनं ओठ सावकाश हलवत विचारलं.

रुमाल हिसकला. सहदेव पुढे सरकला. ही हिसक त्याच्या रोजच्या ओळखीची होती.

"भूक हाय?"

रुमालाला चुण्या पडल्या. पंजा आवळला होता, आणि सोडत नव्हता.

"भुईवर घेऊन राहिले तुमाले. घेऊ देऊ?"

नत्थुजींनी हात असा झटकला की रुमाल उडून पार्बताबाईंच्या पायाशी पडला.

"सौदा मोडला व आत्या!" सहदेव ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "अवो, शुद्धीवर हाय मानूस! हा हात मी वळखतो. असाच झटकते अन् मंग दोन रुपये जास्त काढते!"

ओसरीवर हशा पिकला, रडंही फुटलं. गोदाबाई पुढे आली, रुमाल उचलून तिनं पुन्हा नवऱ्याच्या हातावर घातला आणि आपला हात खाली सरकवला. "मी पाजत होती त्याचा तरास होत होता का जी?"

नत्थुजींनी पंजा आवळला नाही की झटकलाही नाही. नुसती तिची बोटं धरून ठेवली. दलालच ते, कुठे भाव सांगू नये हे त्यांना कळत होतं.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, आणि खरं मोठेपण तिथेच आहे. एका सकाळचं धाडस पुष्कळांना जमतं. मनकर्णाबाईनं रुईचं गाठोडं पाठीशी लावून नत्थुजींना सरळ बसवायला लावलं. मान मागे नाही, हनुवटी छातीकडे. ज्वारीच्या पिठाची आंबील इतकी घट्ट शिजवली की पळी तिरपी केली तरी ती घाईनं ओघळू नये. पळीच्या टोकावर बोरभर. घास उजव्या गालात, जिवंत बाजूला. गिळा. आता रिकामंच पुन्हा गिळा. गालात काही राहिलं असेल तर बोटानं काढायचं. जेवण झालं की चूळ नाही, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं आणि लगेच आडवं पडू द्यायचं नाही.

पाजायची गोदाबाई. मनकर्णाबाई समोर, दातांत काडी. काडीचं दुसरं टोक नत्थुजींच्या गळ्याला टेकलेलं. रुमालाबाहेर भासऱ्याला हात लावायचा नाही ना? नाही लावला. काडी लावली, पार्बताबाईंनाही त्यावर बोट ठेवता येईना. प्रत्येक घासानंतर ती म्हणायची, "आ करा." नत्थुजी "आ" करत. काडीतून आवाज गुडगुडीसारखा ओला आला तर पुढचा घास थांबायचा. आधी खाकरा, पुन्हा गिळा. आवाज कोरडा, स्वच्छ आला, की ती पंजा मिटून गोदाबाईला खूण करायची. चला.

पहिल्याच दिवशी एकदा ठसका लागला आणि सगळं घर तिच्यावर धावून आलं. तिनं आंबील आणखी घट्ट केली. ताप उतरायला लागला, तेवढ्यात एका दुपारी ओसरी रिकामी पाहून पार्बताबाईंनी वाटीभर पाणी पाजलं. भाचा आहे, तहानेला आहे, ही बहिरी त्याला पाण्याविना मारतेय! संध्याकाळपर्यंत छाती पुन्हा घरघरू लागली.

मनकर्णाबाई भांडली नाही. तिनं आपली चरकी उचलून बाजेपुढे आडवी मांडली आणि तिथेच सरकी काढायला बसली. आता चरकी हलवल्याशिवाय बाजेपर्यंत कुणालाच जाता येईना.

"काय व, पहारा करून राहिली का?" पार्बताबाईंनी कानाशी येऊन ओरडून विचारलं.

"वरडू नका आत्या, वरडलं की तोंड वाकडं होते, मले वाचता येत नाई. समोर उजेडात उभं राहून सादं बोला."

पार्बताबाई तणतणत समोर आल्या आणि म्हणाल्या, "मले काय करू देशीन मंग?"

"दह्याची कवडी द्या भरवाले. घट्ट. मी हाय काडी धरून."

त्या दिवसापासून दुपारचं दही पार्बताबाईंचं. ओतणाऱ्या हाताला काम दिलं की तो ओतत नाही, हे ओळखायला मोठी अक्कल लागते.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नत्थुजी काठी धरून अंगणापर्यंत येऊ लागले. आंबिलीवरून पिठल्यावर, पिठल्यावरून मऊ भातावर. बोलणं मात्र तसंच राहिलं. परक्यांना त्यातलं निम्मं कळायचं. घरचे ओठांकडे बघायला शिकले, आणि अडलं तिथे रुमाल होताच. पाणी मात्र नाही. तहान भागायची ती दाट ताकावर, पीठ शिजवून दाट केलेल्या पाण्यावर.

दिवाळीनंतर कापूस यायला लागला तसा एक दिवस सहदेव गाडी जुंपून दारात. "चाला नत्थुजी. बाजारात बसाले तोंड कायले लागते? हत्ता तर मुकाच असते! पयले तुमचं तोंड एक सांगे अन् हात दुसरं. आता लोकाइले एकाचाच भरोसा ठेवा लागन."

नत्थुजी अर्ध्या तोंडानं हसले, पण गाडीत चढेनात. ओसरीवर फतकल मारून बसले, आणि खांद्यावरचा रुमाल मनकर्णाबाईपुढे पसरला. मग त्याच हाताचं बोट तांब्याकडे केलं.

गोदाबाई घाबरली. "नको व माय! आज नको!"

मनकर्णाबाईनं रुमालाखाली हात घातला. नत्थुजींनी तिची पाचही बोटं धरली. पाच घोट. तिनं हात झटकला आणि त्यांचं एक बोट धरलं. त्यांनी झटकला, चार धरली. सहदेव गाडीतून मान लांब करून रुमालाकडे बघत होता. बघून काय कळणार! रुमाल बराच वेळ उठत होता, बसत होता. शेवटी तो शांत झाला आणि त्याला चुण्या पडल्या.

"कितीत पटलं?" सहदेवनं विचारलं.

"बाजारातलं बाहेर सांगत नसतेत," मनकर्णाबाई म्हणाली आणि पळी घेतली.

हनुवटी खाली. एक पळी. गिळा. पुन्हा गिळा. काडी दातांत, टोक गळ्याला. "आ करा."

"आ."

ती डोळे मिटून काडीतून ऐकत होती. मग तिनं गोदाबाईला पंजा मिटून दाखवला आणि पळी पुन्हा तांब्यात बुडवली.

दुसरा घोट संपल्यावर नत्थुजींनी तिसऱ्यासाठी हळूच बोट पुढे केलं. मनकर्णाबाईनं तांब्या उचलून आत नेला.